गुणी पेशंट

आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या बायका मला खाण्याच्या वेळी माझ्या कामाबद्दल काही विचारत नाहीत. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीनं विचारलं होतं, "सावंत सिस्टर, तुम्ही रिटायर झालात ना? मग रोज सकाळी बॅग घेऊन कुठे जाता?" मी आपलं खरं ते सांगितलं. तिनं हातातला तिळाचा लाडू हळूच ताटलीत परत ठेवला. तेव्हापासून विषय बंद.

आता दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनीच लिहा म्हटलंय, तर सांगते. फराळाचं ताट बाजूला ठेवून वाचा.

मी स्टोमा नर्स. मोठ्या आतड्याला कॅन्सर झाला, किंवा अपघातात आतडं फाटलं, की कधीकधी खालचा मार्ग बंद करावा लागतो. मग डॉक्टर आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढतात. त्याला स्टोमा म्हणायचं. लाल, ओला, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखा. संडास तिथून होते. त्याला झाकण नसतं, आवरून धरणारा स्नायू नसतो, म्हणजे कधी यावं आणि कधी नाही हे माणसाच्या हातात राहत नाही. वारा सुटला तर आवाज होतो, तोही थांबवता येत नाही. त्याच्याभोवती एक चिकट प्लेट बसवायची आणि प्लेटला पिशवी लावायची. प्लेटचं भोक त्या माणसाच्या मापानं कात्रीनं कापायचं. माप मोठं झालं तर मळ कातडीला लागतो आणि कातडी सोलवटून निघते. लहान झालं तर स्टोमाला काचतं. या कात्रीच्या कामात माझी हयात गेली, आणि सांगायला लाज कसली, माझा हात चांगला आहे.

नोकरी मुंबईतल्या हॉस्पिटलात केली. रिटायर झाल्यावर घरी बसून पाय दुखायला लागले, म्हणून घरोघर जाऊन पेशंटना शिकवायला सुरुवात केली. मीरा रोड, भाईंदर, अगदी उत्तनच्या पट्ट्यापर्यंत. वॉर्डात पेशंट हा पेशंट असतो. घरात तो नवरा असतो, सासू असते, सोसायटीचा सेक्रेटरी असतो. पिशवी या सगळ्यांना लागलेली असते.

उत्तनजवळच्या तारोडीच्या फिलूबायची गोष्ट मी नेहमी सांगते. मासळी विकणारी बाई, आवाज असा की खाडीपलीकडे जावा. मी पहिल्या दिवशी गेले तर तिनं मला दारातच शिव्या घातल्या. डॉक्टरला घातल्या, देवाला घातल्या, नवऱ्याला घातल्या, त्याला तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग पदर तोंडावर घेऊन मोठ्यानं रडली. सगळी आळी गोळा झाली. मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू. पण पंधरवड्यात ही बाई स्वतःची प्लेट स्वतः कापायला लागली. तिनं त्या स्टोमाला सासूचं नाव ठेवलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "कवा बी बोलताय, कोनाचा आयकत न्हाय." एका महिन्यात मासळीच्या पाटीमागे जाऊन बसली. पाटी उचलायची मात्र सुनेनं, एवढं माझं तिनं ऐकलं.

आणि दुसरीकडे गुणी पेशंट. हा शब्द आमच्या धंद्यातला. जो कुरकुरत नाही, रडत नाही, "सिस्टर, तुम्ही म्हणाल तसं" म्हणतो, त्याला आम्ही गुणी म्हणतो. राउंडला डॉक्टर आले की कौतुकानं सांगतो, "सर, या बेडचा पेशंट एकदम गुणी आहे हं." दहा जणांचं करायचं असतं, त्यात एक जण त्रास देत नसेल तर जीव सुखावतो. आम्हाला तरी कोण दोष देणार? पण फिलूबाय भराभर बरी झाली आणि साळवे काका, ज्यांच्याइतका गुणी पेशंट मला उभ्या आयुष्यात मिळाला नाही, ते माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालले होते. त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

साळवे काका मूळचे परभणीकडचे. टेलिफोन खात्यात नोकरी, त्यानिमित्तानं इकडे आले आणि भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या बाजूला घर घेतलं. तिथल्या बौद्ध विहाराच्या उभारणीपासून ते त्यात. दर रविवारी वंदना तेच घ्यायचे, आणि वंदनेनंतर सगळ्यांना शांत बसवून मैत्री द्यायला, म्हणजे मनात सगळ्यांचं भलं चिंतायलाही तेच शिकवायचे. कुणाच्या घरी मयत झालं, कुणाचा मुलगा नापास झाला, नवरा-बायकोत बिनसलं, की लोक साळवे काकांकडे. माणूस कधी आवाज चढवत नाही, अशी ख्याती.

त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, स्टोमा कायमचा राहणार हे ठरलं आणि पुढे किमो सुरू झाली. मला त्यांच्या मुलीनं, वैशालीनं बोलावलं. दार उघडलं तेव्हा काका पांढराशुभ्र सदरा घालून पलंगावर ताठ बसले होते.

"जय भीम, सिस्टर. या. तुम्ही तुमचं काम करा. माझी काही तक्रार नाही."

मी पिशवी काढायला लागले तसे त्यांनी डोळे मिटले. कपाळावर आठी नाही. पुसून, धुऊन, माप घेऊन, नवी प्लेट लावून होईपर्यंत डोळे मिटलेलेच. वैशाली दाराशी उभी होती. अभिमानानं म्हणाली, "बाबा ध्यानात आहेत. ते खूप पॉझिटिव्ह आहेत, सिस्टर. आम्हीच रडतो, आणि तेच आम्हाला समजावतात."

मी बाहेर येऊन काकूंना म्हटलं, "काय गुणी पेशंट आहेत हो!" काकू चहात साखर घालत राहिल्या.

पहिले काही आठवडे ठीक गेले. मग पिशवी गळायला लागली. मी सोमवारी लावावी आणि बुधवारी वैशालीचा फोन यावा, "सिस्टर, परत लीक झालं." मी जायचे, बघायचे तर प्लेटची एक कड उचकटलेली, खाली कातडी लालबुंद. काका म्हणायचे, "चालायचंच. सगळं अनित्य आहे." मी म्हणायचे, "काका, अनित्य असेल, पण माझी प्लेट तीन दिवस तरी टिकायला हवी!" ते हसायचे. डोळे मात्र मिटलेले.

मी चिडले ती स्वतःवर. वाटलं, वय झालं, हात थरथरतोय की काय. प्लेटची कंपनी बदलली. पेस्ट बदलली. पट्टा लावून बघितला. किमोमुळे पातळ होतंय म्हणून डॉक्टरांना विचारून औषध बदललं. तरी तेच. शेवटी एक दिवस मी काकांना झोपवून, बसवून, वाकवून पोट नीट बघितलं. स्टोमाच्या बाजूला खळगा पडला होता. पोटावरचं मांस उतरलं होतं आणि कातडीला घडी पडत होती. सपाट प्लेट त्या घडीवर बसणार कशी?

"काका, वजन किती उतरलंय तुमचं? जेवता ना नीट?"

"जेवतो ना," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "सिस्टरबाई, वर्षावास चालू हाय ना. यांनी अष्टशील घेतलंय. दुपारी बारानंतर अन्न न्हाई."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, मलाही तेव्हाच कळलं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचे पावसाळ्याचे महिने म्हणजे वर्षावास. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. या काळात काही जण नेहमीच्या पाच शीलांऐवजी, म्हणजे नियमांऐवजी, आठ पाळतात. त्यातलं एक म्हणजे दुपारनंतर जेवायचं नाही. बहुतेक लोक पौर्णिमेला पाळतात. काका रोज पाळत होते. विहारातली मंडळी घरी येऊन हात जोडून जात होती, की या आजारपणातही साळवे काकांचं शील बघा.

आता मी काय बोलणार? माझ्या घरात संकष्टी असते, शनिवार असतो. माझ्या सासूनं डायबिटीस असून नवरात्र सोडलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरच्या शीलात तोंड घालायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. मी नुसतं म्हटलं, "डॉक्टरांना विचारलंत का?" काका म्हणाले, "मन बळकट तर शरीर बळकट, सिस्टर." मी बॅग आवरली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच वजन उतरत गेलं तर किमो झेपणार नाही, थांबवावी लागेल. वैशाली फोनवर रडत होती. "सिस्टर, बाबांना तुम्ही सांगा ना. आमचं ऐकून घेतात, शांतपणे हसतात, आणि ताट तसंच ठेवतात."

"तसंच ठेवतात म्हणजे? दुपारी बाराच्या आत तरी पोटभर जेवत असतील ना?"

ती म्हणाली, "नाही हो. दोन घास. कधी ते पण नाही."

मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! हे शीलाचं नव्हतंच. मी हे आधीही पाहिलं होतं, वेगवेगळ्या निमित्तानं. कुणाला भूक लागत नाही, कुणाला चव लागत नाही, कुणाचा उपास. आत काही गेलं नाही की बाहेर काही येत नाही. पिशवी रिकामी राहते. पिशवी रिकामी राहिली की ती नाहीच असं धरून चालता येतं. पण न जेवल्यानं पोट खपाटीला जातं, प्लेट बसत नाही, पिशवी गळते, घाण होते, आणि माणूस आणखी एक घास कमी करतो. काकांनी यासाठी शीलाचा आडोसा घेतला होता. मुद्दाम नाही, माणूस लबाड नव्हता. त्यांना स्वतःलाही ते शीलच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून गेले. काका नेहमीसारखे पांढऱ्या सदऱ्यात. पण सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. जुनी पिशवी काढली, पुसलं, आणि या वेळी नवी लावलीच नाही. बॅगेतून आरसा काढला. पेशंटनं स्वतः करायला शिकावं म्हणून आमच्याकडे आरसा असतो. काकांनी आजवर तो हातात घेतला नव्हता.

"काका, डोळे उघडा. आज तुम्ही बघायचं."

"तुम्ही करा, सिस्टर."

"मी आज आहे, उद्या नसेन. बघा एकदा." आणि मी आरसा त्यांच्यासमोर धरला.

"नको म्हटलं ना!"

काय तो आवाज! माझा हात त्यांनी असा झिडकारला की आरसा गादीवर जाऊन पडला. काकू हातात पोळीचं लाटणं घेऊन धावत आल्या. वैशाली मोबाइल कानाला तसाच धरून दारात. त्या घरात इतक्या वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हात जोडून मला म्हणाले, "माफ करा, सिस्टर. माझं चुकलं. असं व्हायला नको होतं."

"कसली माफी?" मी म्हटलं. "मला तर बरं वाटलं. इतके दिवस मी भिंतीची पिशवी बदलतेय की काय, असं वाटायला लागलं होतं."

वैशालीला हसू फुटलं आणि लगेच रडू. काका मात्र हसले नाहीत. खाली मान घालून बसले. मग बोलायला लागले, ते माझ्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं.

"मला किळस येते, सिस्टर. माझीच मला. घास उचलला की डोळ्यासमोर येतं याचं पुढे काय होणार. विहारात कधी जाऊन बसलो आणि सगळे शांत असताना हे वाजलं तर? लोक मला काय काय समजतात. आणि राग येतो. कुणावर ते समजत नाही. ही चहा घेऊन आली तरी राग येतो. मग त्या रागाचीच लाज वाटते. इतकी वर्षं बसलो, लोकांना बसवलं, समता समता, मन ढळू देऊ नका म्हणून सांगितलं, आणि माझ्या आत हे सगळं? म्हणजे माझं सगळं फुकट गेलं का?"

माझ्या तोंडात सवयीनं वाक्य आलं होतं, "असं काही मनात आणायचं नाही, काका." हे वाक्य आम्ही सिस्टर लोक तापाच्या गोळीसारखं वाटतो. मी ते गिळलं. म्हटलं, "मला सुरुवातीला दोन महिने जेवण गेलं नव्हतं. ट्रेनिंगला. पहिला स्टोमा बघितला आणि वॉर्डाबाहेर जाऊन ओकले. माझी तर ती ड्युटी होती. तुमचं स्वतःचं पोट आहे. किळस येणारच की."

"तुम्हाला आली होती?"

"आली होती म्हणजे! आणि मी काही विहारात बसणारी नाही, त्यामुळे मला तिची लाज वाटली नाही. तेवढाच आपल्यात फरक."

तेवढ्यात काकू बोलल्या. लाटणं अजून हातातच. "मी एक बोलू का? पौर्णिमेला विहारात खीर वाटतेत. ती कशाची खीर, ते दर वर्षी हेच उभं राहून लोकांना सांगतेत. उपाशी राहून शरीराला छळून काही गावत न्हाई, म्हणून भगवंतांनी खीर घेतली, असं सांगतेत. अन् घरात मी खिरीची वाटी ठेवली तर चार दिस तशीच. मला काय वाटत आसंल? आवो, सगळ्या जगाला मैत्री देता तुम्ही. मुंग्यांना देता. ह्या पोटानं काय घोडं मारलं तुमचं?"

आणि ही बाई, जिनं माझ्यासमोर मनातलं कधी काही काढलं नव्हतं, भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून रडायला लागली.

मला त्यांच्या साधनेतलं काही कळत नव्हतं. नुसती उत्सुकता म्हणून विचारलं, "काका, ही मैत्री द्यायची म्हणजे नक्की काय करायचं असतं? सुरुवात कुठून करतात?"

"स्वतःपासून," ते म्हणाले. शिकवायची सवय, त्यामुळे आवाज आपोआप थोडा सरळ झाला. "आधी स्वतःला. मी सुखी असो, मी निरोगी असो. मग घरच्यांना, मग मित्रांना, मग ज्यांच्याशी वैर आहे त्यांना, मग सगळ्या प्राणिमात्रांना."

"मग तुम्ही स्वतःला देता ना?"

खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला. काका म्हणाले, "स्वतःचं मी पटकन उरकतो."

त्यांनीही ते वाक्य पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड केलं होतं.

मग त्यांनी हात लांब करून गादीवरचा आरसा घेतला. आरसा पोटाशी धरून त्यांनी बघितलं, लगेच मान फिरवली, परत बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही. तेवढ्यात, काय योगायोग म्हणावा, स्टोमा वाजला. चांगला मोठ्यानं. वैशालीनं ओठ दाबले. काका बघतच राहिले.

"याला दुखतं का, सिस्टर?"

"नाही. त्याला काहीच कळत नाही. तुम्ही चिडा, लाजा, उपाशी ठेवा. तो आपला मिळेल ते पुढे ढकलत बसतो."

"बिचारा," काका म्हणाले.

मी इतकी वर्षं या कामात आहे. स्टोमाला लोकांनी काय काय म्हटलेलं मी ऐकलंय, त्यातलं बरंचसं इथे छापता येणार नाही. बिचारा कुणी म्हटलं नव्हतं. मी उगाच कात्री शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.

त्या दिवशीची प्लेट काकांनी स्वतः कापली. वाकडी कापली. मी सुधारून दिली.

हे वाचून कुणाला वाटेल की झालं, काका बरे झाले, दुसऱ्या दिवसापासून पोटभर जेवायला लागले. तसं काही झालं नाही. विहारात येणाऱ्या भिक्खूंनी, भन्तेजींनी सांगितलं की आजाऱ्यानं जेवावं, यात शील मोडत नाही, तेव्हा काका आठ शीलांवरून पाचांवर आले. पण जेवण म्हणजे अवघड काम होतं. पुढचे काही आठवडे मी गेले की आमचं एक ठरलेलं बोलणं व्हायचं.

"काय काका, कसं काय?"

"आज आली होती."

"कोण?"

"किळस. ताट वाढल्यावर आली. म्हटलं, बस बाई शेजारी."

"मग गेली का?"

"नाही ना. अर्धी भाकरी होईपर्यंत बसली. मग कधी उठून गेली, लक्षात आलं नाही."

राग यायचा त्या दिवशी तेही सांगायचे. काकूंना आधीच बजावून ठेवायचे, "आज माझं डोकं फिरलंय, तुझ्यावर नाही, पण फिरलंय." काकू म्हणायच्या, "फिरू द्या की. मी भाजी निवडते." एकदा तर मी दारात पोचले तेव्हा आतून दोघांचं कडाक्याचं भांडण ऐकू आलं, उसळीत मीठ जास्त पडलं यावरून. वैशालीनं दार उघडलं आणि माझ्या कानात म्हणाली, "सिस्टर, किती बरं वाटतंय हो हे ऐकायला!"

पोटावर हळूहळू मांस धरलं. खळगा भरत आला. एक दिवस मी प्लेट काढली तर तीन दिवसांची प्लेट चारी कडांनी घट्ट, खालची कातडी गुलाबी, तान्ह्या बाळासारखी. मला इतका आनंद झाला की मी काकूंना बोलावून ती दाखवली. डॉक्टरांनी किमो थांबवली नाही. पुढचा डोस ठरल्याप्रमाणे झाला. आजार अजून आहे, उपचार अजून चालू आहेत. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, डॉक्टरही बोलत नाहीत.

आश्विनी पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती. काकूंचा निरोप आला, "सिस्टरबाई, यायचंच. हे विहारात पुन्हा बसणार हाईत."

मी गेले. विहारात बायका-माणसं पांढऱ्या कपड्यांत दाटीनं बसलेली, लहान मुलं मागे. मी आपली फुलाफुलांची साडी नेसून दुसऱ्या रांगेत, गुडघे दुखतात म्हणून एक पाय पसरून. काका पुढे बसले होते, तोंडाला मास्क, अंगात तोच पांढरा सदरा, आता कॉलर बऱ्यापैकी भरलेली. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मीही "जय भीम" म्हटलं. वंदना झाली. मग काका म्हणाले, "आता थोडा वेळ शांत बसू. डोळे मिटा."

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. आणि त्या शांततेत तो वाजला.

हळू नाही, बारीक नाही. स्टोमा जसा वाजतो तसा, लांबलचक, मध्ये थांबून परत. मागे एक पोरगं फिसकन हसलं, त्याच्या आईनं त्याला दाबलं. काका याच एका गोष्टीला घाबरून वाळत चालले होते, आणि ती आता सगळ्या विहारासमोर झाली होती. मी डोळे उघडून बघितलं. काकूंनीही उघडले होते. आम्हा दोघींची नजरानजर झाली.

काकांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला आणि सदऱ्यावरून पोटावर ठेवला, झोपेत दचकलेल्या लेकरावर ठेवावा तसा. कान लाल झाले होते, ते मला दिसत होतं. हात तिथेच राहिला. मग ते नेहमीच्या आवाजात बोलायला लागले, जरा कापत होता तेवढंच.

"मैत्री देऊ या. सुरुवात स्वतःपासून."

मीही डोळे मिटले. मी सुखी असो, असं मनात म्हटलं. माझे सुजलेले गुडघे आठवले, यजमान गेल्यापासून संध्याकाळी घरात पाऊल टाकताना जे होतं ते आठवलं. म्हटलं, बाई, हे आता कुठे काढत बसतेस. आणि सवयीनं पुढे निघाले, मुलाकडे, सुनेकडे, पेशंटकडे.

तेवढ्यात काकांचा आवाज आला.

"इथून लगेच पुढे जाऊ नका. स्वतःपाशी थांबा. जे काही आत चाललंय, त्याला बसू द्या. घाई नको."

मी परत मागे आले. रडू आलं ते येऊ दिलं. शेजारच्या बाईनं डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आम्ही सगळे बराच वेळ तसेच बसून राहिलो.